भागूबाई घाबरत नाही

मासेमास्तर कशाकशाला घाबरत याची यादी करायला बसलं तर वही पुरणार नाही. ते पालीला घाबरत, साहेबांना घाबरत, साहेबांच्या रिकाम्या खुर्चीलाही घाबरत. दाराची बेल दोनदा वाजली की घाबरत, आणि एकदाच वाजली तर दुसऱ्यांदा का वाजली नाही म्हणून घाबरत. सासूबाईंचा धाक तर असा की लग्नाला एकवीस वर्षं होऊनही त्यांच्यासमोर मास्तर कधी मोठ्यानं शिंकले नव्हते. अशा माणसाला पाणीपुरवठ्यात नोकरी मिळाली, तीही घाबरवण्याची. देवाला विनोदाचं वावडं नाही, एवढंच म्हणायचं.

त्याचं असं होतं. नदीतून शहरासाठी पाणी ओढायचं जे पंपघर, त्याच्या शेजारी एक खोली होती आणि खोलीत काचेची टाकी. नदीचंच थोडं पाणी एका अरुंद, उघड्या पाटातून कर्मचाऱ्यांच्या घरांच्या मागून वळसा घेत या टाकीत येई आणि पलीकडच्या नळीतून निघून जाई. टाकीत बोटाएवढे चौदा चंदेरी मासे होते. शहराच्या घशात जायचं ते पाणी आधी यांच्या कल्ल्यांतून जाऊ द्यायचं, आणि यांचं बरं चाललं आहे ना ते बघायचं, हे मास्तरांचं काम. एकोणीस वर्षं ते हेच करत होते. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की मासे वर येऊन तोंडं उघडमिट करतात. क्लोरिन सांडलं की कल्ले लालभडक होतात. साबणाचं पाणी आलं की अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि मासे खाजवल्यासारखे दगडाला अंग घासतात. शेतातलं कीटकनाशक आलं तर दारू प्यायल्यासारखे गरगरतात. हे सगळं मास्तरांना तोंडपाठ होतं. बायकोच्या वाढदिवसाची तारीख मात्र दरवर्षी विचारावी लागे.

पण मुख्य चाचणी म्हणजे छत्री. रोज सकाळी आठ वाजता मास्तर खिळ्यावरची काळी छत्री काढत आणि टाकीच्या डोक्यावर फटकन उघडत. वरून पक्षी आला असं वाटून मासे सटकन तळाच्या फुटक्या कौलाखाली पळत. पळायला किती वेळ लागला ते मास्तर घड्याळात बघत. छत्रीच्या आवाजानं ते स्वतःही रोज दचकत, तेवढा अर्धा सेकंद ते हिशेबातून वजा करत. मग नोंदवहीत लिहीत: ‘मासे भित्रे. पाणी चांगले.’ एकोणीस वर्षांच्या सगळ्या नोंदवह्यांत एवढंच लिहिलेलं होतं.

चौदांतली एक मासोळी म्हणजे कहर होती. छत्री उघडायची तर राहू द्या, ती खिळ्यावरून निघताना जरा खरखरली तरी ही कौलाखाली गडप. मास्तरांनी तिचं नाव भागूबाई ठेवलं होतं. भित्री भागूबाई. मास्तरांचा तिच्यावर भारी जीव. जगात आपल्यापेक्षा भित्रं कुणीतरी आहे याचा माणसाला केवढा आधार असतो!

आणि एका सोमवारी भागूबाई घाबरली नाही.

छत्री फटकन उघडली. मास्तर दचकले. मासे मात्र जागच्या जागी शेपट्या हलवत राहिले. भागूबाई तर वर आली आणि छत्री आतून कशी दिसते ते बघू लागली. मास्तरांनी छत्री मिटली, पुन्हा उघडली. पुन्हा तेच एकटे दचकले. मग त्यांनी काचेवर टिचकी मारली, ‘हूऽऽ’ केलं, शेवटी डोळे वटारले. भागूबाईनं त्यांच्याकडे अशी काही नजर लावली की मास्तरांनीच मान खाली घातली.

“चांगलंच आहे की मग!” पंपवाला म्हणाला. हा दांडगा, सुखी माणूस. याला जगात कशाचंच वाईट वाटत नसे. “मासे धीट झाले. तुम्हीही व्हा.”

“अरे, धीट मासा म्हणजे आजारी मासा!” मास्तर म्हणाले. “नदीत असता तर एव्हाना बगळ्याच्या पोटात असता. पाण्यात काहीतरी आलंय.”

साहेबांना सांगायला गेले तर साहेब खूशच झाले. साहेबांच्या खुशीलाही कारण होतं. खोलीच्या भिंतीवर त्यांनी महिन्यापूर्वी एक यंत्र लावलं होतं. त्याला पाच दिवे. पाचही हिरवे असले की पाणी उत्तम. बुधवारी वरिष्ठ कार्यालयातून तपासणीच्या बाई येणार होत्या. त्यांनी यंत्राला हो म्हटलं की टाकी जाणार, त्या जागी पाहुण्यांसाठी सोफा येणार, आणि मास्तर जाणार तक्रार खिडकीवर. तक्रार खिडकीवर दिवसभर लोक येऊन ओरडत. तिथला सध्याचा माणूस बोलायचाच बंद झाला होता, आता नुसती मान हलवायचा.

“यंत्र काय म्हणतंय? पाच हिरवे!” साहेब म्हणाले. “मासे काय म्हणतायत? मजेत आहेत! मग तुमचंच काय दुखतंय?”

“साहेब, त्यांनी घाबरायला हवं...”

“मास्तर, तुम्ही घाबरता तेवढं पुरे आहे. आणि ती पाटी वाचून काही भलतं मनात आणू नका.”

ती पाटी टाकीच्या वरच होती. फार पूर्वीच्या कुणा साहेबानं लिहून ठेवलेली: ‘मासे सलग तीन दिवस न दचकल्यास राखणदाराने पंपाचे चाक बंद करावे. हुकुमाची वाट पाहू नये.’ एकोणीस वर्षांत मास्तरांनी त्या पाटीवरची धूळ रोज पुसली होती. ते चाक फिरवायची वेळ आपल्यावर येईल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मंगळवारीही तेच. मास्तर घरी आले ते पडलेल्या तोंडानं. घर पंपघराच्या मागेच होतं, दोन खोल्यांचं, मागच्या अंगणाला लागून तो पाट. घरात वेगळीच काळजी चाललेली. सासूबाईंचा स्वभाव शांत व्हावा म्हणून दहा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. झालं होतं काय, की कुणाचा तरी चुकून फोन आला आणि सासूबाईंनी त्या अनोळखी माणसाला चाळीस मिनिटं फैलावर घेतलं. शेवटी तो रडायला लागला आणि त्यानं माफी मागितली. तेव्हा मास्तरांची बायको आईला दवाखान्यात घेऊन गेली. रोज सकाळी अर्धी गोळी ठरली. गोळी कापायचं काम मास्तरांकडे. ते भाजी चिरायच्या सुरीनं ती कापत, आणि हात थरथरे म्हणून गोळीचा एक तुकडा थोरला, एक धाकटा व्हायचा, मधली कड तिरपी.

“काही म्हणजे काही गुण नाही!” बायको सांगत होती. “शनिवारपासून अर्धी-अर्धी तीनदा केली तरी तेच. आज टीव्हीवरच्या बातम्यावालीला म्हणाली, नीट बस, पोक काढू नकोस.”

“मग काढलंच होतं तिनं पोक,” आतून सासूबाई कडाडल्या. “आणि जावईबापू, तुमचं तोंड का एवढंसं झालंय? पुन्हा पाल दिसली?”

मास्तरांनी मासे घाबरत नसल्याचं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “मासे तरी शहाणे झाले म्हणायचे!” आणि नेहमीप्रमाणे गोळी तोंडात टाकून, पेला हातात घेऊन, झाडांना पाणी घालायला मागे निघून गेल्या.

बुधवारी तपासणीच्या बाई आल्या. ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. साहेबांनी आधी यंत्र दाखवलं. पाच हिरवे. मग मोठ्या ऐटीत मास्तरांना म्हणाले, “हं, दाखवा तुमची ती छत्री.”

छत्री उघडली. मास्तर दचकले. बाईही थोड्या दचकल्या. मासे ढिम्म. बाईंनी चष्मा पुसला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

तेवढ्यात उघड्या दारातून पंपघराची मांजर आत आली. एरवी तिची सावली पडली तरी टाकी क्षणात रिकामी दिसे. ती टाकीच्या काठावर चढली, तिनं पंजा पाण्यात बुडवला आणि वाट बघू लागली. भागूबाई संथपणे वर आली. तिनं पंजा नीट न्याहाळला आणि मग त्याला कडकडून चावली. मासोळीचे दात ते किती असणार! पण मांजरीच्या सात पिढ्यांत कुणाला मासा चावला नव्हता. ती किंचाळली, उलटी उडाली आणि थेट साहेबांच्या डोक्यावर जाऊन बसली.

“बघा, बघा!” केसांत नखं रुतलेली असतानाही साहेब हसून म्हणत होते. “केवढे... आई गं... केवढे निरोगी मासे!”

मास्तरांनी टाकीकडे पाहिलं. भागूबाई काचेला नाक लावून उभी होती, जगात कशाचीच तमा नसल्यासारखी. मास्तरांना भडभडून आलं. ही आपली भागूबाई नव्हे. हिचं भय कुणीतरी चोरलं होतं, आणि भय म्हणजेच तर तिची सगळी अक्कल. जे पाणी हिच्यात गेलं तेच पाणी या घटकेला शहरात लाख घरी पेल्यांत पडत असेल. लहान मुलं ते पीत असतील.

मास्तर वळले आणि चालू लागले. पंपघरात गेले. पंपवाला “अहो, अहो” म्हणेपर्यंत त्यांनी ते भलंमोठं लोखंडी चाक दोन्ही हातांनी धरलं आणि शेवटपर्यंत फिरवलं. पंपाची घरघर थांबली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच तिथं इतकं शांत झालं की साहेबांच्या डोक्यावरच्या मांजरीचं गुरगुरणं ऐकू आलं.

“कुणाला विचारून बंद केलंत?” साहेब ओरडले.

“भागूबाईला,” मास्तर म्हणाले.

आणि गंमत म्हणजे हे बोलताना त्यांचा आवाज जरासुद्धा कापला नाही.

पाऊण तासात शहराच्या तोंडचं पाणी पळालं, अगदी शब्दशः. फोन खणखणू लागले. तक्रार खिडकीवरचा माणूस नुसती मान हलवायचा आणि फोनवर मान दिसत नाही, म्हणून साहेबांनाच फोन घ्यावे लागले. अंगाला साबण लावून उभा असलेला कुणी तरी वकील त्यांना कायद्याची कलमं ऐकवत होता. दोन फोनांच्या मधल्या वेळात साहेब गरजले, “काही सापडलं नाही ना मास्तर, तर उद्यापासून खिडकीत तुम्ही!”

“तासाभरात काही सापडतंय का बघा,” बाई मास्तरांना शांतपणे म्हणाल्या. त्यांनी नदीच्या आणि टाकीच्या पाण्याच्या बाटल्या भरून प्रयोगशाळेत पाठवल्या होत्या.

मास्तर टाकीपासून पाटानं उलटे निघाले, वाकून, एक-एक पाऊल. पालापाचोळा, एक चप्पल, एक कंगवा. पाट घरांमागून वळतो तिथं कचरा अडवायला एक बारीक जाळी लावली होती. ती दर शनिवारी साफ व्हायची. मास्तरांनी बोटानं चाचपून पाहिलं. जाळीच्या कोपऱ्यात, शेवाळाला चिकटून, विरघळत आलेले पाच-सहा गुलाबी तुकडे होते.

त्यातला सगळ्यात ताजा त्यांनी तळहातावर घेतला. अर्धी गोळी. थोरला तुकडा. मधली कड तिरपी.

माणूस आपली सही ओळखतो तशी मास्तरांनी आपली कापणी ओळखली. पाटाच्या वरच्या अंगाला दहा पावलांवर त्यांचंच अंगण होतं, आणि अंगणात सासूबाईंची झाडं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि वळसाही साधा नव्हे, सगळ्या गावाचं पाणी तोडून घातलेला.

“सापडलं का हो?” साहेब फोन सोडून धावत आले होते. कपाळावर नखांचे चार ओरखडे. “मी सांगतो, वरच्या अंगाचा रंगाचा कारखाना! तोच असणार. तुम्ही नुसतं हो म्हणा मास्तर, बाईंसमोर एकदा हो म्हणा. सगळे सुटू. तुम्ही, मी, सगळे.”

मास्तरांनी मूठ मिटली होती. हो म्हणायला काय लागत होतं? कारखान्याला आधीच सगळे शिव्या घालत होते, त्यात आणखी एक. टाकी वाचली असती, खिडकी टळली असती, आणि सासूबाईंना तोंड द्यायचा प्रसंगही आला नसता. सगळी अळीमिळी गुपचिळी. पण मग उद्या सकाळी छत्री कुठल्या तोंडानं उघडायची? एकोणीस वर्षं त्या वहीत एक अक्षर खोटं गेलं नव्हतं.

ते टाकीच्या खोलीत परतले आणि त्यांनी बाईंसमोर मूठ उघडली. “हे आमच्या घरातलं आहे. कारखान्याचा काही संबंध नाही. सासूबाईंच्या गोळ्या आहेत, आणि कापल्या मी.”

नेमका एक वाजला आणि सासूबाई मास्तरांचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या. सगळे आपल्याकडे का बघतायत, ते त्यांना तळहात पाहिल्यावर कळलं. दुसरी कुणी असती तर वरमली असती. त्यांनी पदर खोचला.

“हो, मीच टाकल्या. गालात धरायच्या आणि मागे जाऊन टाकायच्या. मला काय झालंय म्हणून मी गोळ्या खाऊ? केरात टाकल्या तर लेक केर तपासते. म्हणून पाण्यात टाकल्या. पाण्यात टाकल्या म्हणजे गेल्या!”

“कुठं गेल्या?” बाईंनी विचारलं.

“गेल्या म्हणजे... गेल्या. वाहून.”

“हो, पण कुठं?”

सासूबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर टाकीकडे गेली. भागूबाई काचेशी आली होती आणि त्यांच्याकडे एकटक, शांतपणे, डोळ्याला डोळा लावून बघत होती. एकवीस वर्षांत सासूबाईंच्या नजरेला कुणी अशी नजर दिली नव्हती. मग त्या स्टुलावर बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “अगं बाई. हिनं खाल्ल्या होय माझ्या गोळ्या!”

बाई मग एकेकाकडे वळल्या. उरलेली औषधं तुम्ही कुठं टाकता? पंपवाल्यानं खोकल्याचं औषध मोरीत ओतत असल्याचं कबूल केलं. तक्रार खिडकीवरच्या माणसानं मान हलवली, म्हणजे तोही. साहेब छताकडे बघत म्हणाले, “संडासात. पण पाणी व्यवस्थित सोडतो मी, दोनदा!” घरोघरी मातीच्या चुली, दुसरं काय.

बाई यंत्रापाशी गेल्या. पाचही दिवे अजून हिरवेगार होते. “यात गोळीचा दिवा कुठला?” त्यांनी विचारलं. साहेबांनी यंत्राच्या मागे जाऊन पाहिलं, खालून पाहिलं. तिथंही नव्हता. “मग यंत्र राहू द्या आणि टाकीही राहू द्या,” बाई म्हणाल्या. “सोफा तुमच्या घरी ठेवा.”

संध्याकाळी नदीच्या बाटल्यांची तातडीची तपासणी होऊन निरोप आला की पाणी पिण्याजोगं आहे, आणि मास्तरांनी स्वतःच्या हातानं चाक उघडलं. पाटाचं दुखणं पाटापुरतंच होतं, शहरात ते गेलंच नव्हतं. मास्तरांना हायसं वाटलं. पण त्या हायशाला पंपवाल्यानं लगेच सुरुंग लावला.

“मास्तर, तुम्ही चहा पाटाच्याच पाण्याचा करता ना?” तो म्हणाला. “मग बरोबर! तरीच म्हटलं, तुम्ही आणि चाक! तरीच म्हटलं, साहेबांना उलट उत्तर! अहो, गोळी बोलत होती ती!”

सगळे पोट धरून हसले. मास्तरही हसले, पण आतून पार खचले. जन्मात एकदा शूरपणा केला, तोही सासूबाईंच्या गोळीचा! पुढचे आठ दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. पाटाचं पाणी बदललं होतं, जाळी घासून लख्ख केली होती, मासे हळूहळू पहिल्यासारखे दचकू लागले होते, तरी त्यांना काही गोड लागेना. सासूबाई डॉक्टरांकडे गेल्या, गोळ्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि नको म्हणजे नको असं त्यांच्या तोंडावर सांगून आल्या. आता त्या रोज खुर्ची टाकून पाटाच्या काठी बसत, आणि शेजारचं कुणी नुसतं पेलाभर पाणी घेऊन आलं तरी लांबूनच विचारत, “काय आहे त्यात?”

नवव्या दिवशी बाई पूर्ण अहवाल घेऊन आल्या. नदीच्या पाण्यातही औषधांचा अगदी बारीक अंश निघाला होता. तो सासूबाईंचा नव्हता. तो सगळ्यांचा होता. अहवाल ठेवून बाई निघाल्या, तेव्हा मास्तरांनी खाली मान घालून विचारलं, “बाई, त्या पाण्याचा चहा मी आठवडाभर प्यालो. तेव्हा ते चाक... म्हणजे ते मी नव्हेच ना?”

बाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. “मासा चोवीस तास त्यात बुडालेला असतो मास्तर. तुम्ही दिवसाला दोन कप प्यालात. तुमच्यावर अर्ध्या गोळीचाही परिणाम व्हायला तुम्हाला ही अख्खी टाकी प्यावी लागली असती. माशांसकट.”

“म्हणजे चाक...”

“तुम्हीच फिरवलंत.”

हे मास्तरांना आता कुठं कळलं. आपण! शुद्धीत! लाख घरांचं पाणी! साहेबांना उलट उत्तर! नऊ दिवस तुंबलेलं भय एकदम अंगावर आलं, तोंडाला कोरड पडली आणि ते मटकन स्टुलावर बसले. डबा घेऊन आलेल्या सासूबाईंनी पुढे होऊन त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला.

“प्या. काही घातलेलं नाही त्यात,” त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, भांडल्यासारख्याच सुरात पुढे म्हणाल्या, “एवढं घाबरता आणि तरी फिरवलंत. मी नसतं फिरवलं.”

मास्तर पाणी प्याले. मग उठून त्यांनी खिळ्यावरची छत्री काढली. ती जराशी खरखरली. भागूबाई कौलाखाली गडप झाली होती. छत्री फटकन उघडली तेव्हा मास्तर इतके दचकले की त्यांना जोरात शिंक आली, सासूबाईंच्या समोर, आणि सासूबाई डबा उघडू लागल्या.